परसबाग : दोन वेल, एक वाफा

माघ महिना सरत आला. पहाटेचा गारवा अद्याप ओसरलेला नसला, तरी दुपारच्या उन्हाला आता धार येऊ लागली आहे. मेथी, मुळा, वाटाणा, फुलकोबी यांचे दिवस संपत आले. आणखी दीड-दोन महिन्यांनी मंडईत जाणाऱ्याची पिशवी अर्धीच भरेल, पैसे मात्र पुरे मोजावे लागतील. हा अनुभव दरवर्षीचाच आहे. उन्हाळ्यातील ही उणीव काही अंशी घरच्या घरी भरून काढावयाची असेल, तर तिची तयारी उन्हाळा लागल्यावर नव्हे, आजच करावयास हवी.

परंतु उन्हाळी परसबागेचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून पुढे येतो, आणि तो रास्तही आहे. प्यावयाच्या पाण्याची जेथे ओढाताण, तेथे भाजीपाल्याला पाणी कोठून आणावे? दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आपल्या देशात ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली. पुढे १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, त्याबरोबर घराभोवतीच्या मोकळ्या जागेत भाजीपाला लावण्याचा आग्रहही धरला. त्या काळी चणचण धान्याची होती. आज अनेक गावांना व शहरांना चैत्र-वैशाखात चणचण भासते ती पाण्याची. शेजारच्या घरी टँकरची वाट पाहिली जात असताना आपण नळी लावून काकड्या पिकवाव्यात, हे कोणाही सुजाण कुटुंबाला रुचणार नाही.

म्हणून उन्हाळी परसबागेचा पहिला नियम असा सांगावासा वाटतो, की बागेचे क्षेत्र जागेच्या मापाने ठरवू नये, घरात एकदा वापरून झालेल्या पाण्याच्या मापाने ठरवावे. अंगण कितीही ऐसपैस असो, जेवढे सांडपाणी तेवढीच बाग. हा नियम पाळला म्हणजे बागेसाठी वेगळे पाणी मोजावे लागत नाही, आणि भर वैशाखात ती अर्ध्यावर सोडण्याची पाळीही सहसा येत नाही.

पाण्याचे माप

मापन सोपे आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरले, तर ते बरोबर एक लिटर भरते. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत उघड्या उन्हातील वाढलेले पीक दिवसाकाठी सुमारे ६ ते ८ मिलिमीटर पाणी घेते. म्हणजेच भेंडीच्या एक चौरस मीटर वाफ्याला रोज ६ ते ८ लिटर पाणी लागते. मांडवावर दोन चौरस मीटर पसरलेला दोडक्याचा एक वेल त्याच्या दुप्पट, म्हणजे १२ ते १६ लिटर पाणी पितो. जमिनीवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन असेल, तर मातीतून उडून जाणारे पाणी वाचते आणि हा खर्च बराच खाली येतो.

आता घरातील बाजू पाहू. शहरांतील पाणीपुरवठ्याचे मान दरडोई दररोज १३५ लिटर धरले जाते. २०१९ साली सुरू झालेल्या ‘जल जीवन मिशन’मध्ये ग्रामीण घरांसाठी हेच मान ५५ लिटर ठेवलेले आहे. प्रत्यक्षात आपल्या घरी किती पाणी येते, हे ज्याचे त्याने जाणावे. सर्वांत उत्तम म्हणजे एक आठवडाभर स्वयंपाकघरात एक बादली ठेवावी. तांदूळ, डाळी, भाज्या व फळे धुतलेले पाणी, पिण्याच्या भांड्यातील शिळे पाणी, तसेच भांडी विसळताना शेवटी निघणारे स्वच्छ पाणी तीत साठवावे व रोज मोजावे. समजा, हे पाणी तीस लिटर भरले. आच्छादनाची जोड दिल्यास तेवढ्यात दोन वेल आणि एक चौरस मीटरचा एक वाफा जगतो. पाच माणसांच्या कुटुंबाने उन्हाळ्यात एवढीच मजल मारावी, आणि ती मात्र नेटाने तडीस न्यावी.

सर्वच सांडपाणी सारखे नसते. तांदळाचे धुवण व भाज्यांचे पाणी निर्धास्तपणे वापरता येते. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र भाजीपाल्याला घालू नये. त्यातील सोडियमच्या क्षारांमुळे माती घट्ट होते व मुळांना हवा मिळेनाशी होते. अंघोळीचे पाणी केळी, कर्दळ व अळू यांच्याकडे वळवावे. जुन्या घरांतून मोरीच्या मागे अळूचा ताटवा असावयाचा, त्यामागे हाच शहाणपणा होता. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षाररहित असते, ते झाडांना चालते. उलट, पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाहून जाणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसण्यास वापरावे. कोणतेही सांडपाणी दिवसभरापेक्षा अधिक साठवू नये, कारण त्याला दुर्गंधी येते व डास होतात. ते झाडाच्या बुंध्याशीच द्यावे. पानांवर, किंवा कच्च्या खावयाच्या फळांवर उडू देऊ नये.

आळे आणि मडके

वेलासाठी हात-दीड हात लांब, रुंद व तेवढाच खोल खड्डा खणावा. निघालेली माती व चांगले कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे मिसळून, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड घालून खड्डा भरावा. भोवतालच्या जमिनीपेक्षा आळे चार बोटे खोलगट ठेवावे, म्हणजे दिलेले पाणी बाहेर पळत नाही.

ज्यांना रोज पाणी घालणे जमत नाही, त्यांच्यासाठी मडक्याचा जुना उपाय फार गुणकारी आहे. पाच-सात लिटरचे, न रंगवलेले मातीचे मडके आळ्याच्या मध्यभागी गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरावे व वर झाकणी ठेवावी. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरते. भोवतालची माती कोरडी पडली की पाझर वाढतो, ओली असली की थांबतो. मुळे मडक्याला वेढून बसतात. वेल लहान असेपर्यंत असे मडके दोन-तीन दिवसांनी भरले तरी भागते. वेल मांडवावर चढल्यावर मात्र ते रोज भरावे लागते.

येथे एक चूक बहुधा होते. माठातील पाणी गार होईनासे झाले, की तो माठ बागेच्या कामी येईल असे समजून पुरला जातो. परंतु पाणी गार होते ते ज्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरते, तीच छिद्रे बुजल्यामुळे माठ निकामी झालेला असतो. तो जमिनीतही पाझरणार नाही. म्हणून मडके पुरण्यापूर्वी रात्रभर भरून ठेवावे. सकाळी बाहेरून ओलसर लागले, तरच उपयोगी समजावे. त्याच कारणास्तव तांदळाचे पिठूळ धुवण मडक्यात ओतू नये. ते आळ्यात द्यावे, आणि मडक्यात निवळ पाणीच घालावे.

गच्चीवर किंवा सज्जात बाग करणाऱ्यांनी वेलासाठी वीस लिटरपेक्षा लहान कुंडी घेऊ नये. कुंडीतील माती उन्हाने तापते व मुळे होरपळतात, यास्तव कुंडीच्या बाहेरून गोणपाट गुंडाळावे. आच्छादन मात्र सर्वांनीच करावे. वाळलेली पाने, गवत, उसाचे पाचट, नारळाच्या शेंड्या, जे हाताशी असेल त्याचा तीन बोटे जाड थर बुंध्याला न चिकटवता पसरावा. पाणी सूर्योदयापूर्वी किंवा सायंकाळी द्यावे.

काय लावावे

पहिल्या वेलाचा मान दोडक्याला किंवा घोसाळ्याला द्यावा. दोन्ही उन्हाला दाद देत नाहीत आणि लावल्यापासून दोन महिन्यांच्या आत फळ देऊ लागतात. दुसरा वेल दुधीचा, कारल्याचा किंवा काकडीचा, ज्याच्या-त्याच्या आवडीप्रमाणे असावा. काकडी दीड महिन्यात हाती येते, पण पाण्याचा खंड तिला मुळीच खपत नाही. कारले तिच्याहून काटक आहे, परंतु त्याच्या बियांचे कवच कठीण असते. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, उबेला ठेवून मोड आणल्यावरच ते लावावे. प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया बोटाच्या एका पेराएवढ्या खोल लावाव्यात, आणि रोपे चार पानांची झाली की एक जोमदार रोप राखून बाकीची कात्रीने कापावी. उपटल्यास राखलेल्या रोपाची मुळे दुखावतात.

एकदा लावून तीन-चार वर्षे निश्चिंत राहावयाचे असेल, तर तोंडली लावावी. तिचे नर व मादी वेल वेगवेगळे असतात. आपण भाजीसाठी लावतो तो मादी वेल, आणि त्याला परागकणांवाचूनही फळ धरते. म्हणून बी न लावता, चांगल्या धरणाऱ्या वेलाची पेन्सिलीएवढी जाड फांदी आणून लावणे श्रेयस्कर.

वाफ्यात भेंडी किंवा गवार घ्यावी. भेंडीचे बी रात्रभर भिजवून, दोन ओळींत एक फूट व दोन रोपांत एक वीत अंतर ठेवून टोकावे. दीड महिन्याने तोडणी सुरू होते. ती एक दिवसाआड न चुकता करावी. एखादी भेंडी जून होऊ दिली, की झाडाची शक्ती बी पोसण्याकडे वळते व नवी फळे मंदावतात. पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. असे झाड दिसताच उपटून टाकावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ व बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेची ‘अर्का अनामिका’ हे वाण या रोगाला तोंड देण्यासाठीच निर्माण करण्यात आले आहेत. ज्यांच्याकडे पाणी अगदीच बेताचे, त्यांनी भेंडीऐवजी गवार लावावी. उन्हाळ्यात तिच्याइतकी अल्पसंतुष्ट शेंग दुसरी नाही.

वाफ्याच्या कडेने लाल माठ पेरावा, तो महिन्याभरात खुडता येतो. मायाळूचा एखादा वेल सावलीच्या बाजूस कुंपणावर सोडावा. आणि आळ्यात आपोआप उगवणारी घोळ तण म्हणून फेकू नये. तिची आंबूस भाजी उन्हाळ्यात रुचकर लागते व तिला स्वतंत्र पाणी द्यावे लागत नाही. पालकाचा मात्र हट्ट धरू नये, तो उन्हात लवकर फुलावर येतो. टोमॅटोचेही तसेच. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले व रात्रीही उकाडा राहिला, की त्याची फुले गळतात. त्यात आपली काही चूक नसते.

फुले येतात, फळ धरत नाही

वेल लावणाऱ्यांची ही सर्वांत मोठी तक्रार. खत घातले, पाणी घातले, वेल मांडवभर पसरला, पिवळ्या-पांढऱ्या फुलांनी डवरला. परंतु फळाचे नाव नाही. पुष्कळ जण येथेच निराश होऊन वेल काढून टाकतात. वास्तविक तो वेल वांझ नसतो.

या वेलींवर नर फुले व मादी फुले वेगवेगळी येतात. नर फुलाचा देठ सडपातळ असतो. मादी फुलाच्या मागे चिमुकले फळ असते, म्हणजे दोडक्याच्या मादी फुलामागे इवलासा दोडका दिसतो. प्रथम दहा-पंधरा दिवस बहुधा नर फुलेच येतात व गळून पडतात. तेव्हा धीर धरावा. अति कडक उन्हात, तसेच युरियासारखे नत्रयुक्त खत अधिक झाल्यास, नर फुलांचे प्रमाण वाढते व मादी फुले कमी येतात. म्हणून वेल फुलावर आल्यावर खताचा हात आखडता घ्यावा. दुधीच्या बाजूच्या फांद्यांवर मादी फुले अधिक येतात. त्याचा मुख्य शेंडा वेल मांडवावर पोचताच खुडावा.

मादी फुले येऊनही त्यांमागील फळ पिवळे पडून गळत असेल, तर परागकण पोचले नाहीत असे समजावे. हे काम मधमाश्यांचे. उंच इमारतींच्या सज्जात किंवा दाट वस्तीत त्या फिरकत नाहीत, अथवा शेजारच्या औषधफवारणीने मेलेल्या असतात. अशा वेळी ते काम आपल्या हातांनी करावे. ताजे उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, आणि मधला परागकणांनी भरलेला भाग मादी फुलाच्या मध्यभागी अलगद टेकवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते.

वेळ मात्र साधली पाहिजे, आणि नेमके हेच पुष्कळांना ठाऊक नसते. काकडी, कारले, लाल भोपळा व घोसाळे यांची फुले पहाटे-सकाळी उमलतात. त्यांचे परागण ऊन चढण्यापूर्वी करावे. दोडका व दुधी यांची फुले मात्र सायंकाळी उमलतात. दिवसा येणाऱ्या मधमाशीला त्यांचा लाभ नसतो. रात्री फिरणाऱ्या पतंगांवर त्यांची भिस्त असते. म्हणून दोडक्या-दुधीचे परागण दिवेलागणीला करावे. दोडका व घोसाळे ही एकाच कुळातील भावंडे, पण एक तिन्हीसांजेला फुलते आणि दुसरे पहाटे. घरातील मुलांच्या हाती हे काम सोपवावे. वनस्पतिशास्त्राचा जो धडा शाळेत चित्रावरून शिकावा लागतो, तो मांडवाखाली चार दिवसांत पक्का होतो. आणि आपण फळ धरवलेला दोडका कोणते मूल पानात टाकील?

कडू फळ आणि कीड

काकडी, दोडका व दुधी यांच्या अंगी कडवटपणाचे एक द्रव्य असते. पाण्याचा ताण, तीव्र उष्णता किंवा जंगली वेलाशी झालेला संकर यांमुळे ते वाढते. येथे एक गोष्ट जिवाच्या काळजीने ध्यानात ठेवावी. दुधी चिरल्यावर त्याचा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा, आणि तो कडू लागल्यास सबंध फळ टाकून द्यावे. शिजवल्याने हे द्रव्य नाहीसे होत नाही. कडू दुधीचा रस औषधी समजून प्याल्याने माणसे गंभीर आजारी पडल्याच्या, क्वचित दगावल्याच्याही घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. कारल्याचा स्वाभाविक कडूपणा निराळा, हे सांगणे नलगे.

रोपे लहान असताना तांबडे भुंगेरे पाने कुरतडतात. पहाटेच्या गारव्यात ते सुस्त असतात. त्या वेळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत आणि पानांवर चुलीतील राख धुरळावी. फळे बोटाएवढी झाली की फळमाशी त्यांना भोक पाडून अंडी घालते व फळ आतून सडते. यावर औषधापेक्षा वर्तमानपत्राची पिशवी बरी. कोवळे फळ तीत झाकून सैल बांधावे. सडलेली फळे उकिरड्यावर न टाकता दीड-दोन फूट खोल पुरावीत, नाहीतर तीच पुढच्या माश्यांचे माहेरघर होतात. फवारणी करावीच लागली, तर निंबोळी अर्काची करावी, आणि तीही फुले उमललेली असताना करू नये.

निरनिराळ्या प्रांतांत

आपले वाचक देशभर विखुरलेले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणचा उन्हाळा वेगळा. महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणात माघाच्या अखेरीस पेरणी उरकावी. दिल्ली व ग्वाल्हेर भागांत रात्रीची थंडी हटल्यावाचून वेलींचे बी रुजत नाही. तेथे आताच पिशव्यांत रोपे करून ती घरात उबेला ठेवावीत व होळीच्या सुमारास आळ्यांत लावावीत. पुढे वैशाखात उष्ण वारे वाहू लागतील, त्यांसाठी पश्चिमेच्या बाजूस तुरीच्या किंवा ज्वारीच्या काडांचा आडोसा करावा. हीच काळजी नागपूरकरांनीही घ्यावी. कोकण व गोव्यात समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते चाखून मगच बागेला द्यावे. बंगालमध्ये चैत्र-वैशाखातील वादळी पाऊस मांडव उलथून टाकतो, तेथे मेढी खोल पुराव्यात. केरळमध्ये तर उन्हाळी काकडीला सणाचाच मान आहे. एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विषू सणाला पहाटे प्रथम ज्या मंगल वस्तूंचे दर्शन घेतात, त्यांत सोनेरी पिवळी काकडी अवश्य असते, व भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत ती पिकवली जाते. सिमल्यासारख्या थंड डोंगराळ प्रदेशातील वाचकांनी मात्र हा लेख बाजूस ठेवावा. मैदानी भागातील हिवाळी भाज्या, म्हणजे वाटाणा व कोबी, हेच त्यांचे उन्हाळी पीक.

परप्रांतात बियाणे घेताना नावांचा घोटाळा होतो. दोडक्याला हिंदीत तोरई, गुजरातीत तुरिया, बंगालीत झिंगे, कानडीत हीरेकायी व तेलुगूत बीरकाय म्हणतात. घोसाळे इंदूरकडे गिलकी व गुजरातेत गलका या नावाने मिळते. दुधी हा हिंदीत लौकी व बंगालीत लाऊ होतो. फुलांची वेळ वाणागणिक निराळी असल्यामुळे पाकिटात नेमके काय आहे, हे विचारून घ्यावे. दुधीचे व दोडक्याचे ‘पुसा’ नावाने सुरू होणारे वाण दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे आहेत. ही संस्था १९०५ साली बिहारातील पुसा या गावी स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतींची हानी झाल्यावर ती १९३६ साली दिल्लीस हलली, पण गावाचे नाव बरोबर घेऊन आली.

फळझाडांविषयी

उन्हाळा हा फळझाडे लावण्याचा काळ नव्हे, त्यांचे खड्डे खणण्याचा आहे. पपई, शेवगा, लिंबू यांसाठी आताच दोन फूट खोल खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत व मृगाच्या पावसानंतर रोपे लावावीत. शेवग्याचा ‘पीकेएम-१’ हा वाण बियांपासून होतो व वर्षाच्या आत शेंगा देतो. एकदा मुळे खोल गेली, की तो फारसे पाणी मागत नाही. पपईच्या कित्येक वाणांत नर व मादी झाडे वेगळी असतात. एक-दोनच झाडे लावावयाची असतील, तर ज्यात नुसते नर झाड येत नाही असा ‘कूर्ग हनी ड्यू’सारखा वाण घ्यावा. तिच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. अंघोळीच्या पाण्यावर केळीचे एक बेट सहज पोसते.

पाणी तुटलेच तर

एवढी काळजी घेऊनही एखाद्या वर्षी नळाला दोन-दोन दिवस पाणी येत नाही, आणि सांडपाणीही निम्म्यावर येते. तेव्हा सर्वच झाडांना थोडे थोडे पाणी घालून सारीच कोमेजू देणे ही ममता नव्हे. निवड करावी लागते, आणि ती आधीच ठरवून ठेवलेली बरी. प्रथम काकडी सोडावी. तिची मुळे उथळ, आणि तहानेने ती कडूच होणार. त्यानंतर माठ. पुढे दोन वेलांपैकी अधिक जुना झालेला वेल बुंध्याशी कापून त्याचाच पाला दुसऱ्याच्या आळ्यात पसरावा. राहिलेल्या वेलाची पिवळी पाने व दाटीच्या फांद्या छाटाव्यात. भेंडी व गवार शेवटपर्यंत टिकाव धरतात. बहुवर्षायू झाडे मात्र सर्वांआधी जगवावीत, कारण गेलेली भेंडी दोन महिन्यांनी पुन्हा येते, गेलेल्या लिंबाला चार वर्षे लागतात.

आणि वेल सोडण्यापूर्वी त्यावरील एखादे उत्तम फळ बियांसाठी वाळू द्यावे. संकरित वाणांचे बी पुढे तसेच निघत नाही, परंतु साध्या सुधारित वाणांचे बी राखेत घोळवून, कोरड्या बाटलीत घट्ट झाकून ठेवले, तर पुढील माघात विकत आणावे लागणार नाही.

या महिन्यात करावयाची कामे

आठवडाभर सांडपाणी मोजावे व बागेचे माप ठरवावे. आळी खणून भरावीत. मडके पारखून पुरावे. वेलांचे बी भिजवून लावावे, आणि त्यानंतर आठवड्याने वाफ्यात भेंडी किंवा गवार टोकावी. वेल हातभर होण्याच्या आत मांडव उभा करावा. पाचोळा आतापासून गोळा करावा. पानगळीच्या या दिवसांत तो रस्त्यावर जळताना दिसतो, तो घरी आणावा.

वैशाखात लावलेला वेल रोज आपल्या हाताकडे पाहत राहतो. माघात लावलेल्या वेलाची मुळे तोवर खोल ओलीपर्यंत पोचलेली असतात. एवढ्या एका कारणासाठी तरी, वाचकहो, पुढच्या रविवारची वाट न पाहता बादली आजच मोरीपाशी ठेवा.